उष्ण कटिबंधातील देशात राहायला जाताना: आरोग्याची तयारी आणि उपचारांची सोय

नोकरीनिमित्त किंवा कुटुंबासह काही वर्षांसाठी उष्ण कटिबंधातील देशात बिऱ्हाड हलवणारा माणूस पहिले दोन-तीन महिने डोळ्यांत तेल घालून वागतो. रोज मच्छरदाणी लावतो, पाणी उकळून पितो आणि हिवतापाची प्रतिबंधक गोळी ठरल्या वेळी घेतो. पुढे घर लागते, ओळखी होतात, शेजारीपाजारी ठणठणीत दिसतात आणि एकेक सवय नकळत सुटत जाते. डास मात्र आठव्या महिन्यातही पहिल्या आठवड्याइतकेच चावतात. अनेक वर्षे राहणाऱ्या माणसाचा खरा धोका या सैलपणात असतो. म्हणून पुढील प्रत्येक सूचनेमागे एकच धोरण आहे: धडधाकट असतानाच घर, डॉक्टर, पैसा आणि औषधे यांची व्यवस्था अशी लावून ठेवावी की आजारपणाच्या दिवशी नव्याने काही ठरवावे लागू नये.

निघण्यापूर्वीचे दोन महिने

प्रवास-आरोग्याची माहिती असलेल्या डॉक्टरांची भेट निघण्याच्या किमान सहा ते आठ आठवडे आधी घ्यावी, कारण अनेक लसींच्या मात्रांमध्ये अंतर ठेवावे लागते. भेटीला जाताना केवळ देशाचे नाव सांगून भागत नाही. राजधानीतल्या घरात राहणार की ग्रामीण भागात फिरतीवर असणार, पावसाळ्यात पोहोचणार की कोरड्या ऋतूत, सोबत लहान मुले आहेत का, नजीकच्या काळात गर्भधारणेचा विचार आहे का, या सगळ्यावर सल्ला बदलतो.

धनुर्वात, घटसर्प, गोवर आणि पोलिओ या नेहमीच्या लसी पूर्ण झाल्याची खात्री प्रथम करावी. त्यानंतर हिपॅटायटिस ए, हिपॅटायटिस बी आणि टायफॉइड यांचा क्रम येतो. हिपॅटायटिस बीच्या तीन मात्रा नेहमीच्या वेळापत्रकानुसार सहा महिन्यांत पूर्ण होतात, त्यामुळे शेवटची मात्रा बहुधा नव्या देशात घ्यावी लागते आणि तिची तारीख विसरली जाते. ती आजच लिहून ठेवावी. आशियातील ग्रामीण, भातशेतीच्या भागात महिनाभर किंवा अधिक राहणाऱ्यांनी जपानी मेंदूज्वराच्या लसीचा विचार करावा. सेनेगलपासून इथिओपियापर्यंत पसरलेल्या आफ्रिकेच्या पट्ट्यात राहणाऱ्यांना मेनिन्जायटिसची लस आवश्यक ठरते, कारण तिथे डिसेंबर ते जूनच्या कोरड्या काळात त्याच्या साथी येतात.

पीतज्वर आफ्रिका आणि दक्षिण अमेरिकेच्या काही भागांत आढळतो, आशियात नाही. त्याच्या लसीचा दाखला अनेक देश प्रवेशाच्या वेळी मागतात. लस घेतल्यानंतर दहा दिवसांनी तो ग्राह्य धरला जातो आणि ११ जुलै २०१६ पासून तो आयुष्यभरासाठी वैध मानला जातो. ही जिवंत विषाणूची लस असल्यामुळे प्रतिकारशक्ती दुबळी असलेल्या व्यक्तींना आणि सहा महिन्यांखालील बाळांना ती देत नाहीत. साठीपुढील व्यक्ती आणि गर्भवती यांच्या बाबतीत डॉक्टर धोका आणि लाभ तोलून निर्णय घेतात.

रेबीजची पूर्वलस मात्र लोक हटकून टाळतात. माझ्या मते दीर्घ मुक्कामासाठी, विशेषतः मुलांसाठी, ती सर्वांत शहाणपणाची लस आहे. पूर्वलस न घेतलेल्या माणसाला कुत्रा चावून जखम झाली तर लसीच्या मात्रांसोबत जखमेत रेबीज प्रतिपिंडांचे इंजेक्शन द्यावे लागते, आणि नेमके तेच इंजेक्शन अनेक देशांत राजधानीबाहेर मिळत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१८ च्या शिफारशीनुसार पूर्वलसीच्या दोन मात्रा, सात दिवसांच्या अंतराने, पुरेशा असतात. त्या घेतलेल्या माणसाला चावा झाल्यावर प्रतिपिंडांची गरज उरत नाही आणि लसीच्या थोड्या मात्रांवर भागते. पूर्वलस घेतली असली तरी चाव्यानंतर पंधरा मिनिटे साबण आणि वाहत्या पाण्याने जखम धुणे आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठणे चुकवू नये. ओरडा बसेल या भीतीने मुले ओरखडा लपवतात. त्यामुळे सांगितल्यावर कोणी रागावणार नाही, असा शब्द त्यांना आधीच द्यावा.

याच दोन महिन्यांत दातांची कामे उरकावीत, चष्म्याची दुसरी जोडी करून घ्यावी आणि प्रत्येकाचा रक्तगट कागदावर आणावा. आपला रक्तगट आरएच निगेटिव्ह असेल तर ही नोंद विशेष मोलाची, कारण आशिया आणि आफ्रिकेच्या बऱ्याच भागांत हे रक्त दुर्मीळ आहे. जी-सिक्स-पीडी या विकराची तपासणीही एकदा करून ठेवावी. यकृतात दडून बसलेल्या हिवतापावर प्रायमाक्विन द्यायचे झाल्यास हा अहवाल लागतो, आणि त्याची कमतरता असलेल्या व्यक्तीला ते औषध धोक्याचे ठरू शकते.

मधुमेह, रक्तदाब, थायरॉइड यांसारखा जुना आजार असलेल्यांनी औषधांची यादी मूळ औषधी नावांनी करून घ्यावी, कारण ब्रँडची नावे देशागणिक बदलतात. कोडीन, लक्ष देण्याच्या विकारावरील उत्तेजक औषधे आणि काही झोपेच्या गोळ्या अनेक देशांत नियंत्रित असतात. त्या देशाचा नियम दूतावासाकडून आधी लेखी विचारावा, औषधे मूळ वेष्टनातच ठेवावीत आणि डॉक्टरांचे पत्र सोबत बाळगावे. पहिल्या तीन महिन्यांचा साठा सोबत असावा, कारण तिथल्या खरेदीत भेसळीचा धोका असतो. कमी आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत दहातले सुमारे एक औषध निकृष्ट किंवा बनावट असते, असा जागतिक आरोग्य संघटनेचा २०१७ चा अंदाज आहे.

विम्याचे कागद ओळ न ओळ वाचावेत

पर्यटकांचा प्रवास विमा राहायला जाणाऱ्याच्या कामाचा नसतो, कारण त्याची मुदत आणि व्याप्ती दोन्ही तोकडी असते. सही करण्यापूर्वी चार गोष्टींचे उत्तर लेखी घ्यावे. पूर्वीपासूनच्या आजारांसाठी प्रतीक्षाकाळ किती आहे, बाळंतपण कधीपासून धरले जाते, रुग्णालयाला विमा कंपनी थेट पैसे देते की आपण भरून नंतर मागायचे, आणि चौथे, सर्वांत महत्त्वाचे म्हणजे रुग्णाला विमानाने दुसऱ्या देशात हलवण्याचा खर्च आणि निर्णय कोणाकडे आहे. बहुतेक करारांत हा निर्णय कंपनीचा वैद्यकीय अधिकारी घेतो आणि त्याच्या पूर्वपरवानगीशिवाय केलेल्या खर्चाची भरपाई मिळत नाही. त्यामुळे कंपनीचा चोवीस तासांचा क्रमांक घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाच्या फोनमध्ये आणि दाराजवळच्या कागदावरही असावा. थेट पैसे भरण्याची सोय असलेला विमा घेतला तरी पहिल्या रात्रीची अनामत रक्कम रोख किंवा कार्डावर तयार ठेवावी, कारण मध्यरात्री कंपनीचे हमीपत्र येईपर्यंत काही रुग्णालये उपचार सुरू करत नाहीत.

पोहोचल्यावर पहिल्या पंधरा दिवसांत डॉक्टर शोधावा

सामान लावून झाले की पहिले काम डॉक्टर शोधण्याचे. घराजवळचा एक सर्वसाधारण डॉक्टर आणि गंभीर प्रसंगासाठी एक मोठे रुग्णालय, अशी दोन ठिकाणे निश्चित करावीत. रुग्णालयाची भव्य इमारत आणि चकचकीत फरशी पाहून निर्णय घेऊ नये. स्वागतकक्षात जाऊन विचारावे: रात्री प्रयोगशाळा चालू असते का, हिवतापाची काचपट्टी सूक्ष्मदर्शकाखाली पाहणारा तंत्रज्ञ रविवारी असतो का, रक्तपेढी कुठे आहे, रेबीजची प्रतिपिंडे आणि प्रतिसर्पविष साठ्यात आहे का, मुलांचा अतिदक्षता विभाग आहे का, आणि रुग्णवाहिका बोलावल्यावर खरोखर येते का. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर अनेक शहरांत नकारार्थी असते. तसे असल्यास कोणती गाडी आणि कोणता चालक, हे ठरवून ठेवावे आणि एकदा रात्रीच्या वेळी तो रस्ता स्वतः जाऊन पाहावा. दिवसा सरळ वाटणारा रस्ता रात्री बंद फाटक, अंधारी वळणे आणि चौक्या यांमुळे दुप्पट वेळ घेऊ शकतो.

त्या डॉक्टरांकडे आजारी नसतानाच एकदा जाऊन कुटुंबाच्या नोंदी करून घ्याव्यात. पुढे ताप येईल तेव्हा आपण त्यांच्यासाठी अनोळखी राहणार नाही.

डास आणि घर

हिवताप पसरवणारा ॲनाफिलिस डास तिन्हीसांजेपासून पहाटेपर्यंत चावतो. डेंग्यू, चिकुनगुनिया आणि झिका पसरवणारा एडिस दिवसा, प्रामुख्याने सकाळी आणि दुपार कलल्यावर चावतो. त्यामुळे रात्रीची मच्छरदाणी हिवतापासाठी अपरिहार्य असली तरी डेंग्यूपासून ती फारसे रक्षण करत नाही. दुपारी झोपणाऱ्या तान्ह्या बाळाला मात्र तिचा दिवसाही उपयोग होतो. मच्छरदाणी कीटकनाशकयुक्त असावी, तिची कड गादीखाली खोचावी आणि झोपणाऱ्याचे अंग जाळीला टेकू नये, कारण टेकलेल्या हातावर डास बाहेरूनच चावतात.

एडिस घरातल्याच स्वच्छ, साचलेल्या पाण्यात वाढतो. कुंडीखालची बशी, फुलदाणी, वातानुकूलन यंत्रातून ठिबकणाऱ्या पाण्याची बादली, गच्चीवरचे जुने टायर, फ्रिजमागचा ट्रे ही त्याची घरे आहेत. पाण्याचा एखादा पिंप रिकामा करून आतल्या भिंतीवर विजेरीचा झोत टाकला, तर जिथवर पाणी होते तिथे काजळाच्या टिंबांसारखी बारीक काळी अंडी चिकटलेली दिसतात. ती कोरडी पडूनही कित्येक महिने जगतात आणि पाणी चढले की उबतात. म्हणून पाणी ओतून देणे पुरेसे नाही, भिंत ब्रशने घासावी लागते. अंड्यापासून डास होण्यास उष्ण हवेत आठवडा-दहा दिवस लागतात, त्यामुळे आठवड्यातला एक वार यासाठी ठरवून द्यावा. घर भाड्याने घेतानाच खिडक्यांच्या जाळ्या तपासाव्यात आणि फाटलेल्या असतील तर करारावर सही करण्याआधी घरमालकाकडून बदलून घ्याव्यात, कारण नंतर ते काम लांबत जाते.

अंगाला लावण्याच्या औषधांत वीस ते पन्नास टक्के डीईईटी किंवा वीस टक्के पिकारिडिन असलेली मलमे आणि फवारे खात्रीचे आहेत. उन्हापासून बचावाचे मलम आधी लावावे आणि ते मुरल्यावर डासांचे लावावे. दोन महिन्यांखालील बाळाला डीईईटी लावू नये, त्याच्यासाठी मच्छरदाणी हाच उपाय.

प्रतिबंधक गोळ्यांबाबत राहणाऱ्या माणसाची अडचण वेगळी असते. ॲटोव्हाकोन-प्रोग्वानिल आणि डॉक्सिसायक्लिन रोज घ्यावी लागते, मेफ्लोक्विन आठवड्याला एकदा. डॉक्सिसायक्लिनने त्वचा उन्हाला नाजूक होते, मेफ्लोक्विनने काहींना भयानक स्वप्ने आणि नैराश्य येते, आणि वर्षानुवर्षे गोळी घेण्याचा कंटाळा तर सर्वांनाच येतो. गोळ्या थांबवण्याचा, बदलण्याचा किंवा केवळ पावसाळ्यात घेण्याचा निर्णय तिथल्या प्रादुर्भावाची माहिती असलेल्या डॉक्टरांसोबत घ्यावा. ‘इथले जुने लोक घेत नाहीत’ हे कारण पुरेसे नाही. त्या भागात जन्मून वाढलेल्या प्रौढांना वारंवारच्या संसर्गाने अंशतः प्रतिकारशक्ती आलेली असते, आपल्याला ती नसते. लहानपणी अशा प्रदेशात राहिलेला माणूस बऱ्याच वर्षांनी परतला तर त्याची ही शक्तीही ओसरलेली असते.

ताप आला तर

या लेखातला सर्वांत महत्त्वाचा भाग हाच आहे. हिवतापाच्या प्रदेशात ताप अंगावर काढायचा नसतो. फाल्सिपेरम जातीच्या हिवतापावर वेळेत उपचार झाला नाही तर चोवीस तासांतही तो गंभीर रूप धारण करू शकतो. सुरुवात मात्र साध्या फ्लूसारखी असते: अंगदुखी, डोकेदुखी, थंडी, कधी उलट्या, कधी नुसते जुलाब. प्रतिबंधक गोळी नियमित घेणाऱ्यालाही हिवताप होऊ शकतो.

ताप ३८ अंशांवर गेला की पहिला प्रश्न दिवसांचा विचारावा. डास चावल्यानंतर किमान सात दिवस हिवतापाचा ताप येत नाही. त्यामुळे प्रदेशात पाऊल ठेवल्यापासून पहिल्या आठवड्यातला ताप हा दुसऱ्या कशाचा तरी असतो. डेंग्यूचा काळ चार ते दहा दिवसांचा आहे. सातव्या दिवसानंतरचा प्रत्येक ताप मात्र, तपासणीने अन्यथा सिद्ध होईपर्यंत, हिवताप समजून वागावे.

त्याच दिवशी रक्त तपासावे. रॅपिड टेस्ट पंधरा-वीस मिनिटांत उत्तर देते, पण एका नकारात्मक अहवालावर निश्चिंत होऊ नये. ताप कायम असेल तर बारा ते चोवीस तासांनी पुन्हा, आणि गरज पडल्यास तिसऱ्यांदा तपासणी करावी. आफ्रिकेच्या शिंगाच्या प्रदेशात काही परजीवी नेहमीच्या रॅपिड टेस्टला सापडतच नाहीत, तिथे काचपट्टीची तपासणी आग्रहाने मागावी. उलट चूकही सर्रास होते. विडाल चाचणी फारशी भरवशाची नसताना तिच्या एका अहवालावर टायफॉइडचे निदान होते आणि खरा आजार मागे राहतो. टायफॉइडच्या निदानासाठी रक्ताचे कल्चर करावे, आणि ते प्रतिजैविक सुरू करण्याआधी.

निदान होईपर्यंत तापासाठी केवळ पॅरासिटामॉल घ्यावे, प्रौढांनी चोवीस तासांत चार ग्रॅमच्या आत. ॲस्पिरिन आणि आयब्युप्रोफेन टाळावे, कारण डेंग्यू असेल तर त्यांनी रक्तस्राव वाढतो. डेंग्यूचा धोका लोक चुकीच्या क्षणी संपला असे समजतात. तिसऱ्या ते सातव्या दिवसाच्या दरम्यान ताप उतरतो, घरच्यांना हायसे वाटते, आणि नेमके तेव्हाच पुढचे चोवीस ते अठ्ठेचाळीस तास सर्वांत नाजूक असतात. पोटात तीव्र दुखणे, थांबत नसलेली उलटी, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त, विलक्षण ग्लानी किंवा बेचैनी, हातपाय गार पडणे, यांपैकी काहीही दिसले तर रुग्णालय गाठावे. डेंग्यूच्या विषाणूचे चार प्रकार आहेत आणि दुसऱ्यांदा वेगळ्या प्रकाराची लागण झाल्यास आजार अधिक गंभीर होण्याची शक्यता वाढते. म्हणून एकदा डेंग्यू होऊन गेला की सैल न पडता अधिक जपावे.

डॉक्टरांपासून चोवीस तासांहून अधिक दूर असलेल्या कामाच्या ठिकाणी जाणाऱ्यांनी हिवतापावरील आपत्कालीन उपचाराच्या गोळ्यांचा संच डॉक्टरांकडून लिहून घेऊन, भरवशाच्या ठिकाणी विकत घेऊन सोबत ठेवावा. प्रतिबंधासाठी घेत असलेले औषध त्यात नसावे. गोळ्या सुरू केल्या तरी पहिल्या संधीला डॉक्टर गाठणे आवश्यकच आहे.

गर्भवतीची आणि पाच वर्षांखालील मुलाची प्रकृती हिवतापात फार झपाट्याने खालावते. निवडीला वाव असेल तर गर्भारपणात तीव्र हिवतापाच्या प्रदेशात राहायला जाऊ नये. झिकाच्या प्रदेशात राहिल्यानंतर गर्भधारणेपूर्वी स्त्रीने किमान दोन आणि पुरुषाने तीन महिने थांबावे, असा सल्ला दिला जातो.

पाणी आणि जुलाब

पाण्याला खळखळून उकळी फुटल्यावर एक मिनिट, आणि दोन हजार मीटरहून उंच ठिकाणी तीन मिनिटे उकळत ठेवावे. क्लोरिनच्या गोळ्यांनी बहुतेक जंतू मरतात, पण जुलाब घडवणाऱ्या क्रिप्टोस्पोरिडियम या परजीवीला त्या पुरत नाहीत. बर्फ हेही पाणीच आहे आणि दात घासण्याचे पाणीही पोटात जाते, हे घरातल्या सर्वांना ठाऊक असावे.

जुलाबात जीव जातो तो प्रामुख्याने पाणी आणि क्षार निघून गेल्याने. जलसंजीवनीची पाकिटे घरात कायम असावीत. ती नसतील तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ, चमचा लहान चहाचा, असे मिश्रण करावे. मीठ जास्त पडले तर मुलांना ते घातक ठरते, म्हणून अंदाजाने टाकू नये. मुलांना सोबत जस्ताच्या गोळ्या दहा ते चौदा दिवस देतात. शौचातून रक्त पडत असेल किंवा ताप असेल तर जुलाब थांबवणारे लोपेरामाइड घेऊ नये, तपासणी करावी.

ऊन आणि दमट हवा

शरीराला उष्णतेची सवय होण्यास एक ते दोन आठवडे लागतात, आणि काही आठवडे थंड देशात राहून परतल्यास ती सवय पुन्हा लावावी लागते. या काळात मैदानी काम आणि व्यायाम हळूहळू वाढवावा. रक्तदाबासाठी लघवी वाढवणाऱ्या गोळ्या आणि लिथियम घेणाऱ्यांनी मात्रेबद्दल डॉक्टरांशी आधीच बोलावे. शरीराचे तापमान ४० अंशांच्या वर जाऊन माणूस बरळू लागला तर तो उष्माघात आहे. अशा वेळी पॅरासिटामॉल उपयोगी पडत नाही. सावलीत नेऊन, अंगावर पाणी ओतून, पंख्याने वारा घालून थंड करण्यास तत्काळ सुरुवात करावी आणि रुग्णालयाकडे निघावे.

न उघडलेले इन्सुलिन २ ते ८ अंशांत ठेवतात, आणि वापरात असलेले बहुतेक प्रकार ३० अंशांखाली सुमारे चार आठवडे टिकतात. ओलसर मातीच्या भांड्यात ते थंड ठेवण्याची युक्ती कोरड्या हवेत चांगली चालते, दमट किनारपट्टीवर नाही, कारण तिथे पाण्याचे बाष्पीभवनच मंद होते. साखर तपासण्याच्या पट्ट्याही दमट हवेत बिघडून खोटे आकडे दाखवतात, म्हणून डबीचे झाकण लगेच घट्ट लावावे.

पायांखालचे, तळ्यातले आणि रस्त्यावरचे धोके

आफ्रिकेतील मलावी किंवा व्हिक्टोरिया सरोवराचे पाणी कितीही नितळ दिसले तरी त्यात पोहल्याने शिस्टोसोमाचा जंत त्वचेतून आत शिरू शकतो. पुराच्या पाण्यातून चालल्यास लेप्टोस्पायरोसिसचा धोका असतो, त्यामुळे पायाला जखम असेल तर ते पाणी कटाक्षाने टाळावे. अनवाणी चालण्याने स्ट्राँगिलॉइड्स नावाचा सूक्ष्म जंत शिरतो आणि तो दशकानुदशके शरीरात राहतो. सहाराच्या दक्षिणेकडील आफ्रिकेत बाहेर वाळत घातलेल्या ओलसर कपड्यांवर टुंबू माशी अंडी घालते. अळी त्वचेत शिरून गळवासारखी गाठ होते, म्हणून तिथे मोजे, चादरी आणि बाळाची दुपटीसुद्धा शिवणीवरून कडक इस्त्री फिरवूनच वापरावीत.

साप चावल्यास जखम कापू नये, चोखू नये, दोरीने आवळू नये. तो अवयव काठीच्या आधाराने स्थिर ठेवून, माणसाला शक्यतो चालू न देता रुग्णालयात न्यावे. प्रतिसर्पविष त्या-त्या प्रदेशातील सापांसाठी तयार केलेले असते, त्यामुळे दुसऱ्या देशातून आणलेली कुपी घरी ठेवण्याचा उपयोग नाही.

असुरक्षित सुई, रक्त किंवा लैंगिक संबंधातून एचआयव्हीचा संशय असल्यास ७२ तासांच्या आत प्रतिबंधक औषधे सुरू करून ती २८ दिवस घ्यावी लागतात. लाजेखातर तिसरा दिवस उलटू देऊ नये.

जंतू आणि जंतांच्या चर्चेत रस्ता विसरला जातो, हे मला फार खटकते. जगातील रस्ते अपघातांतले सुमारे ९२ टक्के मृत्यू कमी आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत होतात. गाडीला मागच्या आसनावरही पट्टे असावेत, मुलांची आसने सोबत न्यावीत, भाड्याच्या मोटारसायकलवर शिरस्त्राणाशिवाय बसू नये आणि अंधार पडल्यावर शहराबाहेरचा प्रवास करू नये.

मनाचीही तितकीच काळजी घ्यावी. नोकरदार जोडीदाराला कामाचे जग मिळते. घरी राहणाऱ्याला मात्र दीर्घकाळ एकटेपणा येतो, झोप बिघडते, मद्य वाढते. मायदेशातील समुपदेशकाशी दूरध्वनीवरून बोलण्याची व्यवस्था विम्यात आहे का, हे सुरुवातीलाच पाहून ठेवावे.

परतल्यानंतर

मायदेशी आल्याबरोबर प्रतिबंधक गोळ्या थांबवू नयेत. ॲटोव्हाकोन-प्रोग्वानिल आणखी सात दिवस आणि डॉक्सिसायक्लिन किंवा मेफ्लोक्विन आणखी चार आठवडे घ्यावे लागते. फाल्सिपेरम हिवताप बहुधा पहिल्या तीन महिन्यांत उघड होतो, व्हायव्हॅक्स जातीचा मात्र यकृतात दडून वर्षभरानेही उलटू शकतो. म्हणून परतल्यानंतर वर्षभरात ताप आला तर डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात सांगावे: मी अमुक देशात होतो, अमुक तारखेला परतलो, माझी हिवतापाची तपासणी आजच करा.

त्रास नसला तरी एकदा रक्तातील, जंत असल्यास वाढणाऱ्या इओसिनोफिल पेशी आणि शौच तपासून घ्यावे, आणि गोड्या पाण्यात उतरलेल्यांनी शेवटच्या संपर्कानंतर साधारण तीन महिन्यांनी शिस्टोसोमाची रक्ततपासणी करावी. पुढे कधीही, अगदी वीस वर्षांनीही, दम्यासाठी किंवा सांध्यांसाठी स्टेरॉइड सुरू होणार असेल तर त्याआधी स्ट्राँगिलॉइड्सची तपासणी मागून घ्यावी, कारण इतकी वर्षे मूकपणे राहिलेला हा जंत स्टेरॉइडमुळे सर्व शरीरात पसरून जिवावर बेतू शकतो. उष्ण प्रदेशातील वास्तव्याची नोंद वैद्यकीय कागदपत्रांच्या पहिल्या पानावर कायमची लिहून ठेवावी, म्हणजे नव्या डॉक्टरांना ती विचारावी लागणार नाही.